नव्या बाळासाठीं घरांत काय हवें?



घरांत पहिलें मूल यावयाचें आहे असें कळलें, कीं त्या घरांत दोन याद्या तयार होऊं लागतात. पहिली यादी घरांतील वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडीं असते. डिंक, अळीव, बाळंतशोपा, जुन्या मऊ लुगड्यांचीं दुपटीं, झबलीं, टोपडीं आणि कुंची एवढें आलें म्हणजे ती बहुतेक संपते. दुसरी यादी दुकानदार पुरवितो. तींत गजांची खाट असते, पाळणा असतो, झोळी टांगण्याची लोखंडी चौकट असते. शिवाय लंगोट बदलण्याचें मेज, बाळाच्या कपड्यांचें स्वतंत्र कपाट, न्हाणाचा टब, जेवणाची उंच खुर्ची आणि चाकांचा वॉकर हीं असतात. आणि हें सारें एका रंगाचें असलें म्हणजे खोली शोभते, अशी पुस्तीही तिला जोडलेली असते. पहिल्या यादीचा भार घराला फारसा होत नाहीं. दुसरीचा भार प्रथम खिशावर पडतो, मग जागेवर पडतो, आणि कांहीं वस्तूंच्या बाबतींत तो खुद्द बाळाच्या जिवावर पडूं शकतो. म्हणून आज या दुसऱ्या यादीचा थोडा शांतपणें विचार करावा असें मीं योजिलें आहे.

मीं आयुष्याचीं पस्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविण्यांत घालविलीं. माझे विद्यार्थी आतां आईबाप होण्याच्या वयाचे झाले आहेत. त्यांपैकीं एकानें मध्यंतरीं अशीच एक यादी माझ्यापुढें ठेवून विचारलें, “सर, यांतलें खरोखर कितीसें लागतें?” त्याचें बिऱ्हाड दोन खोल्यांचें, घराच्या कर्जाचा हप्ता चालूच, आणि यादीची बेरीज त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराला जाऊन भिडलेली. यादींतील एकही वस्तु आपण घेतली नाहीं तर आपल्या मायेंत कांहीं उणें राहील, अशी बोच त्याच्या मनाला लागली होती. ही बोचच अनेक घरांत खरेदी करविते. म्हणून आधीं ती बाजूस ठेवूं, आणि उदाहरण शाळेंतल्या रीतीनें मांडूं.

उदाहरण सोडवितांना प्रथम ‘दिलेलें’ आणि ‘काढावयाचें’ हीं दोन लिहून घ्यावीं, असें आम्ही मुलांना सांगतों. येथें दिलेलें काय? एक बाळ, वजन अडीच-तीन किलो, मान अजून न धरलेली, चोवीस तासांपैकीं सुमारें चौदा ते सतरा तास झोंपणारें, परंतु तेंही तुकड्यातुकड्यांनीं. दुसरी, त्याची आई. अंग मोडून आलेली, कदाचित् पोटावर टांके असलेली, रात्रींतून तीनचार वेळां उठणारी. आणि तिसरी, एक खोली. तिच्या भिंती जेथें आहेत तेथेंच राहणार. काढावयाचें काय? तर बाळाला निर्धोक झोंप मिळेल, आईचे श्रम कमी होतील आणि खोलींत वावरावयास जागा राहील, एवढ्याला नेमक्या किती वस्तु पुरतात तें.

प्रत्येक वस्तूला आपण तीन प्रश्न विचारावे. ही वस्तु जें काम करते तें घरांतील दुसऱ्या एखाद्या वस्तूनें होतें काय? ती किती दिवस उपयोगी पडणार? आणि तिच्यापासून बाळाला इजा पोंचण्याचा संभव आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ आलें, तर पहिल्या दोहोंचीं उत्तरें पाहण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या प्रश्नासाठीं साधा भागाकार पुरे. समजा, सहा हजार रुपयांची वस्तु पांच महिने वापरली. म्हणजे दीडशें दिवस झाले आणि दर दिवसाला चाळीस रुपये पडले. उलट, नऊ हजारांचें कपाट दहा वर्षें टिकलें तर दिवसाला अडीच रुपयेही पडत नाहींत. किंमत मोठी कोणती हें दुकानांतल्या चिठ्ठीवरून कळत नाहीं. तें या भागाकारावरून कळतें.

आतां मुख्य गोष्ट, म्हणजे झोंपण्याची जागा. बाळाला जी एक वस्तु खरोखर लागते ती हीच. बाकीच्या सर्व सोयी आहेत. परंतु ही जागा कशी असावी याविषयीं वैद्यकशास्त्राचें मत गेल्या तीसपस्तीस वर्षांत फार स्पष्ट झालें आहे, आणि तें आपल्या कित्येक जुन्या समजुतींहून व दुकानांतील सजावटीहूनही निराळें आहे. बाळाला पाठीवर निजवावें. अंथरूण घट्ट व सपाट असावें. आणि बाळाच्या भोंवतीं उशी, लोड, जाड पांघरूण, मऊ बाहुल्या यांपैकीं कांहींही नसावें. ब्रिटनमध्यें १९९१ सालीं आणि अमेरिकेंत १९९४ सालीं ‘बाळाला पाठीवर निजवा’ असा प्रचार मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. त्यापूर्वीं पालथीं निजविलेलीं कित्येक निरोगी दिसणारीं बाळें झोंपेंतच दगावत. पुढील कांहीं वर्षांत त्या देशांतील अशा मृत्यूंचें प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलें. यासाठीं कोणाला नवें सामान विकत घ्यावें लागलें नाहीं; निजविण्याची रीत बदलली, एवढेंच.

अंथरूण घट्ट कां, तेंही समजून घेण्याजोगें आहे. लहान बाळाचें डोकें शरीराच्या मानानें जड असतें आणि मानेंत बळ नसतें. मऊ गादींत वा उशींत तोंड रुतलें, तर तें बाजूला वळविण्याची शक्ति त्याच्यांत नसते. तसेंच, अंथरूण कलतें किंवा खोलगट असलें तर हनुवटी छातीवर टेंकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. मोठ्या माणसाला जें सुखकर वाटतें, तेंच बाळाला अपायकारक होतें, तें या कारणानें. खाटेच्या गजांना आंतून बांधावयाचे गुबगुबीत लोड आणि दहा अंशांहून अधिक कलतीं असलेलीं शय्यापात्रें यांच्या विक्रीवर अमेरिकेनें २०२२ सालीं कायद्यानें बंदी घातली. आपल्याकडे मात्र बाळाच्या बिछान्याचा ‘संच’ म्हणून गादीबरोबर उशी आणि दोन लोड अजूनही विकले जातात. संचांतली गादी घट्ट असेल तर ठेवावी. बाकीचें बाळ मोठें होईपर्यंत माळ्यावर टाकावें.

राईच्या उशीचा प्रश्न येथें कोणीतरी विचारीलच. डोकें गोल व्हावें म्हणून ती देण्याची चाल आपल्या घरांत जुनी आहे. देणाऱ्या आजीचा हेतु उत्तमच असतो. पण झोंपलेल्या बाळापाशीं कोणतीच उशी नको, असें आजचें वैद्यक सांगतें. डोकें एका बाजूस चपटें होऊं नये यासाठीं बाळ जागें असतांना, कोणीतरी समोर बसून, दिवसांतून थोडा थोडा वेळ त्याला पालथें ठेवावें. आणि निजवितांना मान कधीं डावीकडे, कधीं उजवीकडे वळवावी. बहुतेक बाळांचें डोकें पुढें आपोआप आकार घेतें.

या कसोट्या लक्षांत घेतल्या, म्हणजे झोंपण्याची जागा किती साधी असली तरी चालते तें दिसून येईल. फिनलंड देशांत १९३८ सालापासून गरीब मातांना सरकारकडून एक पुठ्ठ्याची पेटी मिळूं लागली. तींत बाळाचे कपडे, अंथरूण आणि एक लहान गादी असे. आणि ती गादी पेटीच्या तळाशीं घातली, कीं पेटी हेंच बाळाचें अंथरूण होई. १९४९ पासून ही पेटी तेथील सर्वच मातांना मिळूं लागली. अट एवढीच कीं गर्भारपणाचा चौथा महिना संपण्याच्या आंत मातेनें वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. त्या थंड मुलखांत पिढ्यान् पिढ्या कित्येक बाळें आपल्या आयुष्याचे पहिले महिने पुठ्ठ्याच्या पेटींत निजलीं आहेत. आपण पेटीच आणावी असें मी सांगत नाहीं. परंतु सुतारकाम आणि बाळाचें सुख यांचा संबंध वाटतो तितका जवळचा नाहीं, एवढें यावरून ध्यानांत यावें.

आपल्या घरांत चार पर्याय असतात : पाळणा, झोळी, गजांची खाट, आणि आईच्या शेजारचें अंथरूण. एकेकाचा विचार करूं.

पाळणा हा आपल्याकडे केवळ निजण्याची जागा नव्हे. बाराव्या दिवशीं बारसें व्हावयाचें, आत्येनें कानांत नांव सांगावयाचें, बायकांनीं पाळणे म्हणावयाचे, तें सारें त्याच्याभोंवतीं. तेव्हां पाळणा घरांत यावा, यांत वावगें कांहीं नाहीं. फक्त त्याची मुदत ओळखावी. बाळ सुमारें चौथ्या महिन्यापासून कुशीवर वळूं लागतें आणि पुढें हातांवर अंग उचलूं लागतें. तें वळूं लागलें किंवा हातांवर उठूं लागलें, कीं उथळ आणि हलणारा पाळणा त्याच्यासाठीं संपला. म्हणजे चारपांच महिन्यांचा हिशेब. इतक्या थोड्या दिवसांसाठीं नवा पाळणा घेण्यापेक्षां नात्यांतून वा शेजारांतून मागून आणणें, हीच आपली जुनी रीत होती आणि ती शहाणपणाची होती. पाळण्याची बूड सपाट असावी, आणि झोंका थांबल्यावर तो एका बाजूस कलून राहूं नये. जुन्या घरांत तुळईला कड्या असत. आतांच्या स्लॅबच्या घरांत त्या बहुधा नसतात. पंख्याच्या आंकड्याला पाळणा कधींही बांधूं नये.

झोळी ही गरिबाघरची आणि प्रवासांतली सोय. साडीच्या पदरांत बाळ पटकन् निजतें, हें खरें. परंतु झोळींत पाठ वांकते, हनुवटी छातीकडे झुकते आणि कापड तोंडावर येतें. म्हणजे मघांच्या कसोट्यांपैकीं एकही ती पुरी करीत नाहीं. साडीच्या झोळींत खेळतां खेळतां फांस बसून मोठीं मुलें दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. कारण रिकामी झोळी घरांत टांगलेलीच राहते आणि थोरला भाऊ वा बहीण तिच्यांत गिरक्या घेऊं लागते. रडणारें बाळ शांत करण्यापुरती, मोठें माणूस हात लावून बसलेलें असतांना ती वापरली, तर गोष्ट निराळी. रात्रीच्या झोंपेसाठीं तिच्यावर विसंबूं नये. आणि काम झालें कीं ती सोडून ठेवावी.

गजांची खाट या चौघांत सर्वांत महाग व सर्वांत अधिक जागा खाणारी. परंतु ती अधिक दिवस टिकते, साधारण दीडदोन वर्षें. घ्यावयाची झाल्यास बरोबर फूटपट्टी न्यावी. दोन गजांमधील अंतर सहा सेंटीमीटरांहून अधिक नसावें. नाहींतर बाळाचें अंग त्यांतून घसरतें आणि डोकें अडकतें. अमेरिकेनें हा नियम १९७३ सालींच केला. गादी आणि कठडा यांच्यामधील फटींत दोनच बोटें जातील इतकीच जागा असावी. ज्या खाटेची एक बाजू वरखालीं सरकते ती घेऊं नये. ती बाजू निसटून बाळें अडकल्यामुळें २०११ सालापासून अमेरिकेंत अशा खाटा विकण्यास मनाई झाली आहे. आणि खोली दहा फूट लांब व तितकीच रुंद असेल, तर एक प्रयोग आधीं करावा. अशी खाट सामान्यतः चार फूट लांब आणि दोन फूट रुंद असते. तेवढ्या मापाचीं वर्तमानपत्रें जमिनीवर जोडून पसरावीं आणि दोन दिवस त्यांवर पाय न देतां वावरून पाहावें. रात्रीं दिवा न लावतां आईला पलंगावरून उठून दारापर्यंत सरळ जातां आलें, तर खाटेला जागा आहे. पायाखालीं कागद आला, तर नाहीं. दुकानांत वस्तु नेहमींच लहान दिसते, हें ज्यानें घर सजविलें आहे त्याला सांगावयास नको.

राहिलें आईच्या शेजारचें अंथरूण. बाळानें पहिले सहा महिने तरी आईच्या खोलींतच, परंतु स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर निजावें, असें पुष्कळ बालरोगतज्ज्ञ सांगतात. ज्या घरांत जमिनीवर निजण्याची चाल आहे, त्या घरांत ही गोष्ट पैशांवांचून साधते. आईच्या अंथरुणाला लागून, परंतु वेगळी, अशी सतरंजीवर एक पातळ, घट्ट भरलेली गादी घालावी. वर दुपटें नीट ताणून खोंचावें. आणि जमिनीला ओल वा मुंग्या नाहींत हें पाहावें. जमिनीवरून कोणी पडत नाहीं. पलंगावर दोन माणसांच्या मध्यें बाळ ठेवण्यांत मऊ गादी, मोठ्यांचीं पांघरुणें आणि त्यांची गाढ झोंप या तिहींचाही धोका असतो. दारू प्यालेल्या किंवा झोंपेचें औषध घेतलेल्या माणसानें बाळाशेजारीं निजूंच नये. आणि सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी काढणें हें सर्वांत वाईट.

झोंपेच्या जागेला आपल्याकडे एकच जोड अवश्य लागते, ती मच्छरदाणीची. डेंग्यू आणि हिंवताप हीं आमच्या शहरांतून गेलेलीं नाहींत, आणि इतक्या लहान बाळाला डांस पळविण्याचीं औषधें चोपडण्यापेक्षां जाळी कधींही बरी. छत्रीसारखी उघडमीट होणारी लहान मच्छरदाणी स्वस्त असते. ती ताठ उभी राहावी आणि बाळाच्या हाताला लागूं नये. पाळण्यावर टांगावयाचें चिमणाळें, म्हणजे तें चिमण्यांचें फिरतें खेळणें, हौसेनें जरूर टांगावें. बाळाच्या हाताला येणार नाहीं इतक्या उंचीवर तें असावें, आणि बाळ हातांवर उठूं लागलें कीं काढून ठेवावें.

झोंपेचें प्रकरण संपलें, आतां न्हाणाचें. यासाठीं टब लागतोच असें नाहीं. पाटावर बसून, पाय लांब करून, त्यांवर बाळाला घेऊन न्हाऊं घालण्याची जी आपली पद्धति, तींत घालणारीचे पाय हाच टब असतो. पाणी वाहून जातें, साचत नाहीं, आणि बाळावरचा हात सुटत नाहीं. जन्मानंतरचें पहिलें न्हाणें चोवीस तास पुढें ढकलावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. आणि नाळ पडेपर्यंत ती कोरडी ठेवणें महत्त्वाचें, म्हणून तोंवर ओल्या कापडानें अंग पुसलें तरी चालतें. घरांत पाय पसरून बसणारें कोणी नसेल तर टब घ्यावा. परंतु बाळाला बोटभर पाण्यांतही एकटें सोडूं नये. फोन वाजूं द्यावा, दारावरची घंटाही वाजूं द्यावी.

लंगोट बदलण्याचें उंच मेज ही वस्तु यादींतून बिनदिक्कत खोडावी. तें मेज ज्या उंचीवर असतें, तेथून बाळ एका क्षणांत कुशीवर वळून खालीं येतें. सतरंजीवर एक मेणकापड आणि त्यावर दुपटें पसरलें, कीं तें काम होतें. ज्या बाळंतिणीला टांक्यांमुळें खालीं बसवत नाहीं, तिनें पलंगाच्या मध्यभागीं तेंच मेणकापड पसरावें आणि एक हात बाळावर ठेवावा. बाकीचें सामान आधींच हाताशीं मांडून घ्यावें. तीच गोष्ट बाळाच्या वेगळ्या कपाटाची. पहिल्या वर्षाचे सारे कपडे घरांतल्या कपाटाच्या एका खणांत मावतात. कपाट घ्यावयाचेंच असेल तर बाळाचें म्हणून, चित्रांचें असें घेऊं नये. साधें घ्यावें, म्हणजे तें पुढें दहापंधरा वर्षें दप्तरालाही उपयोगी पडेल. मात्र उंच कपाट वा खणांचें फर्निचर असेल तें भिंतीला पट्टीनें जखडून घ्यावें. रांगणारें मूल उभें राहावयाला आधार शोधतें आणि उघडा खण त्याला पायरीसारखा वाटतो. तें वर चढतें आणि सारें कपाट त्याच्या अंगावर येतें. हें काम सुताराचें, अर्ध्या तासाचें. पण मूल रांगूं लागण्याच्या आधीं करावयाचें.

येथवर आपण बाळाच्याच वस्तु पाहिल्या. परंतु या यादींत एक मोठी उणीव असते. तींत आईसाठीं जवळजवळ कांहींच नसतें, आणि असलें तरी तें शोभेचें असतें. पहिले सहा महिने बाळाचा सारा आहार म्हणजे आईचें दूध. तें पाजावयाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळां तिला बसावें लागतें. तेव्हां सबंध घरांत सर्वांत अधिक वापरली जाणारी वस्तु कोणती? बाळाची खाट नव्हे, आईची बैठक. एक साधी, हातांची, ताठ पाठीची खुर्ची, पाठीला उशी, पायांखालीं पाट, शेजारीं तिपाईवर पाण्याचा तांब्या आणि डोळ्यांवर न येणारा एक मंद दिवा. बाळाला ज्या उशा नकोत म्हणून आपण काढून घेतल्या, त्या येथें द्याव्या. बाजेवर वा पलंगावर उठतांबसतांना टांक्यांवर ताण पडतो. म्हणून अंथरुणाची उंची अशी असावी कीं पाय सरळ जमिनीवर टेंकतील. पैसे मोजकेच असतील, तर ते प्रथम या ठिकाणीं खर्चावे. खुर्ची पुढें घरांत राहतेच. भागाकार केला तर ती सर्वांत स्वस्त ठरेल.

आईचें अंग हेंच बाळाचें पहिलें आणि सर्वांत चांगलें आसन, हें नुसतें भावनेचें बोलणें नाहीं. कोलंबियांतील बोगोटा शहरांत १९७८ च्या सुमारास एका रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीं उबेच्या पेट्या पुरत नव्हत्या. तेव्हां एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांनीं तीं बाळें आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्याची रीति सुरू केली. पेटी नव्हती म्हणून केलेली ही तजवीज इतकी गुणकारी ठरली, कीं आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांसाठीं, पेट्या असलेल्या रुग्णालयांतही, तिची शिफारस करते. ‘कांगारू’ पद्धति म्हणून जी ओळखली जाते, ती हीच.

मागाहून लागणाऱ्या वस्तूंविषयीं थोडक्यांत सांगतों. उंच खुर्ची सहा महिन्यांच्या आधीं लागत नाहीं. उष्टावण झाल्यावरही बाळ पहिले कांहीं घांस मांडीवरच घेतें. आणि जें घर जमिनीवर पाट मांडून जेवतें, त्याला ती कधींच लागत नाहीं. टेबलावर जेवणाऱ्यांनीं रुंद पायांची, पट्टा असलेली घ्यावी. चाकांच्या वॉकरविषयीं मात्र माझें उत्तर एकच आहे : घेऊं नये, आणि कोणी दिला तर परत करावा. मधोमध बसवून भोंवतीं चाकें फिरविणाऱ्या या खुर्चीमुळें मूल लवकर चालूं लागत नाहीं. उलट तें एका क्षणांत जिन्याशीं, शेगडीशीं, गरम चहाच्या कपाशीं जाऊन पोंचतें. कॅनडानें २००४ सालीं त्याची विक्री, आयात व जाहिरातही बंद केली. आपला जुना पांगुळगाडा निराळा. त्यांत मूल बसत नाहीं. तें स्वतःच्या पायांवर उभें राहून, दांडी धरून गाडा ढकलतें, आणि त्याचें बळ संपलें कीं गाडाही थांबतो. मूल आधारानें उभें राहूं लागल्यावर, सपाट जमिनीवर, मोठ्यांच्या देखत तो द्यावयास हरकत नाहीं.

मागून आणलेल्या जुन्या वस्तूंविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मीं मघां त्यांचा पुरस्कार केला. पहिले कपडे कोणा धडधाकट मुलाच्या अंगावरचे घालावे, ही आपली चाल चांगलीच. जुनें कापड धुऊन मऊ झालेलें असतें. लांकडी वस्तु मात्र पारखून घ्यावी. ती हलवून पाहावी. सांधे करकरतां कामा नयेत. खिळे व स्क्रू सर्व असावे. सांखळ्यांच्या कड्या झिजलेल्या नसाव्या. आणि रंगाचा विचार करावा. मुलें कठडा चघळतात. जुन्या तैलरंगांत शिसें असे, आणि शिसें मुलांच्या मेंदूला अपाय करतें. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांहून अधिक नसावें, असा नियम आपल्या देशांत २०१६ सालीं झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला. तेव्हां त्याआधींच्या रंगविलेल्या पाळण्यावरचे पोपडे उडाले असतील तर तो घेऊं नये. घरांत बसून तो घासूंही नये. ती धूळच विषारी असते. रंग न दिलेला जुना शिसवी वा सागवानी पाळणा मिळाला, तर तो भाग्याचा समजावा.

खरेदीची वेळही विचारांत घ्यावी. पहिलें बाळंतपण बहुधा माहेरीं होतें, आणि बाळ घेऊन सासरीं परत येईपर्यंत पुष्कळदां तिसरा महिना लागतो. म्हणजे सासरीं आधींच मांडून ठेवलेला पाळणा आपल्या पांच महिन्यांच्या आयुष्यापैकीं तीन महिने रिकामाच राहतो. बाळ जन्मण्यापूर्वीं सामान आणूं नये, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. तिचें कारण कोणी कांहींही देवो. व्यवहारांत ती सोयीचीच ठरते, कारण अमुक एक वस्तु लागते कीं नाहीं हें बाळ आल्यावर आठवडाभरांत कळतें, आणि आतां घरपोंच मागविलेला माल दोन दिवसांत दाराशीं येतो. झोंपण्याची जागा, मच्छरदाणी, दुपटीं-लंगोट आणि आईची बैठक एवढेंच आधीं सिद्ध असावें.

शेवटीं एक नाजूक गोष्ट. पाळणा माहेरचाच आला पाहिजे, आणि तो थाटाचा आला पाहिजे, असा आग्रह अजून कांहीं घरांत धरला जातो. लग्नाचें कर्ज अद्याप फिटलें नसेल अशा बापाला मग खाट, कपाट, गाडी असा संच घेऊन मुलीच्या सासरीं यावें लागतें. आणि त्यांत थोडें उणें पडलें तर बोल मुलीला ऐकावे लागतात, तेही ती बाळंतीण असतांना. ज्या वस्तु बाळाला मुळीं नकोतच, त्यांच्यावांचून बाळाच्या आईच्या डोळ्यांना पाणी यावें, यासारखें दुर्दैव नाहीं. सासरच्या वडील माणसांनीं आपण होऊन पत्र पाठवावें, वा फोन करावा, आणि सांगावें कीं पाळणा आमच्या घरचा जुना आहे, तुम्ही फक्त या. ज्यांना हौसेनें कांहीं द्यावयाचेंच असेल, त्या आजीआजोबांना, मावशीला, आत्येला एक उपाय सुचवितों. वस्तूऐवजीं वेळ द्यावा. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्यांतून एक दुपार येऊन बाळाला घेऊन बसावें आणि त्या आईला दोन तास सलग झोंपूं द्यावें. या देणगीला जागा लागत नाहीं, ती झिजत नाहीं, आणि कोणत्याही दुकानांत ती मिळत नाहीं.

सारांश काढूं. अवश्य हव्यात त्या वस्तु चार : घट्ट, सपाट, उघडें असें वेगळें अंथरूण, मच्छरदाणी, कपड्यांना कपाटाचा एक खण, आणि आईला पाठ टेंकून बसण्याची जागा. हौसेच्या आणि जमल्यास मागून आणाव्या अशा दोन : पाळणा आणि चिमणाळें. ऐपत व जागा असेल तर गजांची खाट, फूटपट्टीनें मोजून. पुढें ढकलाव्या अशा दोन : उंच खुर्ची आणि पांगुळगाडा. मुळींच नकोत अशा : उशा, लोड, कलतें शय्यापात्र, लंगोटाचें उंच मेज आणि चाकांचा वॉकर. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या यादींतील बहुतेक ओळी या हिशेबानें खोडल्या गेल्या. उरलेल्या पैशांपैकीं कांहीं त्यानें बाळाच्या लशींसाठीं व आजारपणासाठीं वेगळे काढून ठेविले आहेत, आणि कांहींतून एक चांगली खुर्ची घेतली आहे.